हातगुण

माझ्या आयुष्यातली पहिली नोकरी पट्ट्या कापायची होती. पगार नव्हता, पण बाजाराच्या दिवशी चार आणे मिळायचे आणि त्याची शेव यायची. आमचे अण्णा कंपाउंडर. सेलू-जिंतूर भागातल्या एका बाजाराच्या गावात डॉक्टरसाहेबांचा दवाखाना होता आणि तिथं पडद्यामागच्या दोन हात जागेवर अण्णांचं राज्य. औषधाची बाटली पेशंटनं घरूनच आणायची. नाही आणली तर तिचे वेगळे पैसे पडायचे. म्हणून कुणी गोडेतेलाची, कुणी सरबताची आणि बरेच जण दारूची चपटी बाटली घासूनपुसून आणायचे. अण्णांना ती चपटीच आवडायची. पाठ सपाट, पट्टी नीट बसते.

पट्टी म्हणजे जुन्या वहीच्या कागदाचा उभा तुकडा, बाटलीतल्या औषधाच्या उंचीएवढा. त्याच्या घड्या घालायच्या आणि एका कडेला कात्रीनं तिरकी खाच मारायची. उलगडलं की करवतीसारखे दाते. एक दाता म्हणजे एक डोस. मग खळ लावून ती बाटलीला उभी चिकटवायची. सकाळी इथपर्यंत, संध्याकाळी इथपर्यंत. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही ते कळायचं. मी आठवड्याला शे-दीडशे पट्ट्या कापत असेन. ते साल १९८२-८३ असावं. मी दहा-अकरा वर्षांचा.

बाटलीत जायचं ते लाल औषध. पोटासाठी असायचं, पण लोक ते कशावरही मागायचे. त्यात खायचा सोडा, सुंठेचा आणि पुदिन्याचा अर्क, वेलदोड्याचं टिंक्चर असा मामला. लाल रंग त्या टिंक्चरचा, आणि टिंक्चरला तो येतो कोचिनील नावाच्या, निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यापासून. हे मला पुढं कॉलेजात कळलं, तेव्हा मी हसून हसून बेजार झालो. आमच्या गावचे माळकरी, कांदा-लसूण वर्ज्य असलेले, आषाढीच्या उपवासानंतर पोट बिघडलं की तेच लाल औषध ‘रामकृष्ण हरी’ म्हणून घ्यायचे. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “मला ठाऊक होतं. गावात बोलू नकोस.”

डॉक्टरसाहेबांबद्दल गाव एकच शब्द वापरायचं. हातगुण. “त्यांच्या हाताला गुण हाय.” वाटेत दुसरा दवाखाना सोडून बैलगाडी चार कोस पुढं यायची ती या हातगुणासाठी. औषध तेच, गोळी तीच, पण या हातानं दिली तर लागू पडते. आमच्याकडं औषध काम करत नाही, ते लागू पडतं. आणि रोगी बरा होत नाही, त्याला गुण येतो. ही भाषाच सगळं श्रेय माणसाला देऊन मोकळी होते.

डॉक्टरसाहेब घाटीतून शिकून आलेले. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. डॉक्टर व्हायचं तर हैदराबाद गाठायचं आणि उस्मानियात उर्दूतून शिकायचं. १९५६ साली औरंगाबादला सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, ज्याला सगळा मराठवाडा घाटी म्हणतो, तेव्हा कुठं आमच्याकडच्या शेतकऱ्यांची पोरं या वाटेला लागली. साहेब त्या सुरुवातीच्या बॅचेसपैकी. शहरात थांबले असते तर बंगला झाला असता. ते का आले हे मी कधी विचारलं नाही. त्यांनाही कुणी विचारलेलं आवडलं नसतं.

बाजाराच्या दिवशी शंभर-सव्वाशे पेशंट. साहेब एकदा अण्णांना म्हणाले होते की यातले ऐंशी तरी आपण दवाखाना बंद ठेवला तरी बरे होतील, दहा-पंधरांना आपल्या औषधानं थोडा आराम पडेल. खरा प्रश्न उरलेल्या दोन-चारांचा आहे, आणि ते काही कपाळावर चिठ्ठी लावून येत नाहीत. रांगेत सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. कणकण हाय, अंग मोडून आलंय, डोकं दुखायलंय, एक सुई टोचा.

त्यातला एक मला आठवतो. कापसाच्या जिनिंगवरचा हमाल. मार्गशीर्षातली थंडी, लोक कांबळं पांघरून बसलेले. हा म्हणाला, “साहेब, खांदा अवघडलाय, गठाण उचलली व्हती. सुई द्या, जातो.” साहेबांनी नाडी पाहायला त्याचा हात धरला आणि सोडलाच नाही. दुसऱ्या हातानं त्याच्या मानेवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. त्या थंडीत बंडी पाठीला चिकटलेली. साहेबांनी दोनच गोष्टी विचारल्या. दुखणं जबड्यात येतंय का, आणि श्वास पुरतोय का. मग जिभेखाली गोळी दिली, कापसाच्या टेम्पोवाल्याला हाक मारली, आणि पेशंटला आडवं करून स्वतः शेजारी बसून परभणीच्या सिव्हिलला निघाले. मागं साठ-सत्तर माणसं ताटकळत बसली. काही जण चिडून दुसरीकडं गेली.

हमाल दुसऱ्या दिवशी वारला. गावात बोलणं झालं की धडधाकट चालत आलेला माणूस डॉक्टरच्या हातून गेला. महिनाभर दवाखान्यात गर्दी कमी होती. पट्ट्याही कमी लागल्या. हातगुण हटला, असं कुणीतरी अण्णांच्या तोंडावर म्हणालं. साहेब काही बोलले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांच्या चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये त्यांनी त्या दिवसाइतकं अचूक काम क्वचितच केलं असेल, आणि त्याचंच त्यांना असं बक्षीस मिळालं.

सलाईनची गोष्ट तर याहून मजेची. आमच्याकडं सलाईनला जे स्थान आहे ते तीर्थालाही नसेल. सुगी झाली की बायाबापड्या ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून सलाईन लावून घ्यायला येतात. दोन तास कॉटवर पडायचं, सुनेनं उशाशी बसायचं, बाटलीतून थेंब थेंब ताकद अंगात उतरताना बघायचं. आता त्या बाटलीत असतं काय? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. बाकी पाणी. ग्लुकोजची असेल तर पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे फार तर एका भाकरीएवढी ताकद. आणि भाकरीसोबत निदान ठेचा तरी असतो. जो पेशंट ओकून ओकून पाणी टिकवू शकत नाही, ज्याचं रक्त वाहून गेलंय, जो शुद्धीवर नाही, त्याच्यासाठी तीच बाटली जीव आहे. त्याला ती द्यायलाच हवी. पण अशक्तपणाला नाही. साहेब नाही म्हणायचे. चांगले अर्धा तास समजावायचे, आणि बाई उठून समोरच्या गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन बाटली लावून घ्यायची. पैसे तिथं जायचे, आणि गुणही तिथंच यायचा.

एकदा पावसाळ्यात हागवणीनं सुकलेलं दीड वर्षाचं पोर आणलं. डोळे खोल गेलेले, रडत होतं पण डोळ्यांत पाणी नव्हतं. साहेबांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश जागेवर गेली. पण पोर पाणी दिसलं की तोंड पुढं करत होतं. साहेबांनी अण्णांना पाणी उकळून गार करायला सांगितलं. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. वाटी-चमचा मायच्या हातात दिला. घड्याळ लावून एकेक चमचा पाजायचं, ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. दुपारी बारा ते पाच हा कार्यक्रम चालला. मधूनमधून साहेब उठून यायचे, पोराला शू झाली का विचारायचे. आजी बाहेरच्या ओट्यावर धुमसत होती. शेवटी तिनं पदर खोचला आणि आत येऊन म्हणाली, “पाणीच पाजायचं व्हतं तर घरी नसतं का पाजलं? इतक्या लांब गाडी जुंपून कशाला आणलं?”

पोरानं साडेपाचला शू केली. सहाला ते आजीच्या कडेवर बसून समोरच्या गल्लीत गेलं. तिथं त्याला सलाईन लागलं. सकाळी पोर खेळायला लागलं, आणि ज्यानं बाटली लावली त्याच्या हाताला गुण आला!

या साध्या पाण्यामागं केवढा इतिहास आहे ते अण्णांनाही ठाऊक नव्हतं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा उसळला, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातांनी पाजायला लावलं. जमिनीवर ओळीनं पडलेली माणसं वाचली. एवढी मोठी गोष्ट करणाऱ्या माणसाला पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. पोट बिघडल्यावर मिळणारी ओआरएसची पुडी आज दहा-वीस रुपयांची असते, आणि तिच्याकडं अजूनही लोक आमच्या आजीसारखंच बघतात. पुडीला नळी नाही, सुई नाही, थेंब दिसत नाहीत.

विंचवाची गोष्ट मात्र आमच्या मुलखातल्या माणसाची, म्हणून ती मी लांबवणार आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यात भोकरदनकडच्या देहेड गावचे. शिकले नागपूरला आणि नोकरी मिळाली कोकणात, सत्तरच्या दशकात, महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात. कोकणातला लाल विंचू आमच्याकडच्या विंचवासारखा नाही. आमच्याकडं विंचू चावला की माणूस रात्रभर बोंबलतो आणि सकाळी चहा पितो. तिथं धडधाकट पोरं गुदमरून जायची. औषध म्हणून जे काही दिलं जायचं त्यानं फरक पडत नव्हता. बावस्करांकडं ना यंत्रं होती ना लॅब. ते चावलेल्या माणसाच्या उशाशी बसले. रात्रभर बसून, कधी घाम सुटतो, कधी उलट्या होतात, कधी हातपाय गार पडतात, छाती कधी भरते, हे तासातासानं लिहीत गेले. त्यातून त्यांच्या लक्षात आलं की विष हृदयावर आणि रक्तदाबावर मार करतं. ती सुरुवातीची लक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढं प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी यावर वापरली आणि मरणं थांबायला लागली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं नाव निघालं की साहेब एकच वाक्य बोलायचे, “तो बसला.” मला तेव्हा वाटायचं हे काय कौतुक झालं. बाजाराच्या दिवशी रांग सोडून एका पेशंटपाशी बसणं म्हणजे काय हे ज्यानं पाहिलंय त्याला कळेल.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की हा माणूस जुन्या काळाच्या आरत्या ओवाळायला बसलाय. म्हणून पुढचं सांगतो, जे अण्णांनी मला फार उशिरा सांगितलं.

दवाखान्यात काचेच्या पिचकाऱ्या होत्या. चार पिचकाऱ्या, दहा-बारा सुया. सुई बोथट झाली की अण्णा ती बारीक दगडावर घासून धार लावायचे. स्टोव्हवर ॲल्युमिनियमच्या डब्यात त्या उकळायच्या. “वीस मिनिटं उकळायला लागतात,” अण्णा म्हणाले. “बाजाराच्या दिवशी वीस मिनिटं कुठून आणायची? बाहेर माणसं दार लोटायलेत. मी पाच मिनिटांत काढायचो. कधी नुसतं गरम पाण्यातून फिरवायचो.” साहेबांना माहीत होतं का, असं मी विचारलं. अण्णा गप्प राहिले. मग म्हणाले, “त्यांनी स्टोव्हकडं बघायचं सोडलं होतं.”

नीट न उकळलेल्या सुईतून एकाची कावीळ दुसऱ्याला लागते. काविळीनं गेलेली माणसं मी आता आठवतो तेव्हा मनात हिशेब सुरू होतो, आणि मी तो अर्ध्यात सोडून देतो. आणखी एक. तापलेल्या लेकराला कुल्ल्यावर सुई दिली आणि दोन दिवसांनी तोच पाय लुळा पडला, अशी दोन पोरं आमच्या शाळेत होती. गाव म्हणायचं वारं गेलं. अंगात पोलिओचा विषाणू असताना स्नायूत सुई टोचली तर त्याच अवयवाला लकवा होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राला फार आधीपासून ठाऊक होतं. ताप पोलिओचा आहे की साधा, हे दवाखान्यात कळायला मार्ग नव्हता. पण साध्या तापाला सुई लागतच नव्हती. ती लोकांना हवी होती. सलाईनला नाही म्हणणारे साहेब सुईला नाही म्हणायला थकले होते. २०१४ साली भारत पोलिओमुक्त झाल्याची बातमी आली तेव्हा अण्णा पेपर हातात धरून बराच वेळ बसले होते.

आणि हातगुणाचं सगळ्यात वाईट रूप पाहायचं असेल तर बीडकडं बघावं. आमच्या नात्यातली एक बाई, नवऱ्यासोबत कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाणारी. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे दोघांच्या नावावर. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. तिला पांढरं जायचं, कंबर दुखायची. डॉक्टरनं सोनोग्राफी केली आणि सांगितलं, गर्भपिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. तिचं वय तीसही नव्हतं. तिनं विचारलंसुद्धा नाही, कारण डॉक्टर खोटं कशाला सांगेल? पिशवी काढल्यावर पाळी नाही, खाडा नाही, हेही कुणीतरी पटवून दिलं होतं. उचल ऑपरेशनमध्ये गेली आणि ती फेडायला पुन्हा फडात. पस्तिशीत तिचे गुडघे आणि हाडं साठीची झाली. २०१९ साली हा विषय गाजला, सरकारनं समिती नेमली, आणि बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. मला त्या आकड्यापेक्षा तिचं ते ‘डॉक्टर खोटं कशाला सांगेल’ जास्त बोचतं. कारण तो विश्वास आमच्या साहेबांसारख्यांनीच, एकेका पेशंटपाशी बसून, मुलखात पेरला होता. काढणी दुसऱ्यानंच केली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. रात्रीचे दोन. मी तेव्हा औरंगाबादला राहायचो, अण्णा माझ्याकडं होते. हॉस्पिटल पंधरा मिनिटांवर. ईसीजी, रक्त, एक सही, दुसरी सही. तिशीतला डॉक्टर स्क्रीनकडं बघत म्हणाला, मेजर अटॅक आहे, अँजिओप्लास्टी करू, पॅकेज अमुक. चार मिनिटं बोलला असेल. अण्णांच्या तोंडाकडं त्यानं एकदाही बघितलं नाही. नाव विचारलं ते फाइलला. दीड तासात मनगटातून तार जाऊन अण्णांची बंद नस उघडली होती.

अण्णा वाचले. तक्रार करण्याआधी हे नीट मांडलं पाहिजे. तोच रोग, तोच घाम. १९८३ चा तो हमाल त्या रात्री असता तर तोही चहा पिऊन घरी गेला असता. साहेबांनी त्याला मानेवर बोट फिरवून ओळखलं होतं, पण ओळखल्यावर हातात होतं काय? जिभेखालची एक गोळी आणि कापसाचा टेम्पो. या पोरानं माझ्या बापाला ओळखलं नाही आणि वाचवलं. मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून हे दोन्ही जुळवायचा प्रयत्न करत होतो, आणि सकाळपर्यंत ते जुळलं नाही.

आयसीयूत दुसऱ्या दिवशी अण्णांना विचारलं, कसं वाटतंय. म्हणाले, “त्यानं नाडी नाही पाहिली.”

मी म्हणालो, मशीन दाखवतं ना सगळं.

“हां. पण हात धुतले त्यानं. आत येताना एकदा, जाताना एकदा. मी मोजलं.” मग डोळे मिटून म्हणाले, “सुई नवी फोडली. माझ्या समोर.”

घरी सोडताना सात औषधं दिली. गोळ्यांच्या पाकिटांवर मेडिकलवाल्या पोरानं १-०-१, ०-०-१ असं पेनानं लिहून दिलं, ते माझ्या बायकोनं फळीवर नीट लावलं. एक मात्र पातळ होतं, पोट साफ राहण्याचं, सोबत मापाचं झाकण. त्या पारदर्शक झाकणावरच्या पारदर्शक रेघा अण्णांनाच काय, मलाही धड दिसत नव्हत्या. दोन दिवस त्यांनी चरफडत काढले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, वही आण, कात्री आण.

हात थरथरत होता, म्हणून घड्या मी घातल्या. जवळपास चाळीस वर्षांनी. कडेला खाच मारली, उलगडून दाखवली. अण्णांनी पट्टी घेतली, चष्मा न लावता अंगठा कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला आणि मान हलवली.

“खोल घे. तुला तेव्हाही सांगायचो. गावात रात्री लाईट कुठं असायची? माणूस बोटानं चाचपून बघतो.”